जागणारी मुले, सावध घरे

(जालना येथे मस्तगड परिसरातील पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण आज ज्या परिसरात जमलो आहोत, तो मस्तगड म्हणजे जालन्याच्या जुन्या कोटाचा बालेकिल्ला. निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ साली तो बांधला, अशी नोंद आहे. गडकोटांचा इतिहास वाचणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. महादरवाज्यावर चौक्या-पहारे कडक असतात; शत्रू आत शिरतो तो बहुधा जिच्याकडे कुणाचे लक्ष नाही अशा एखाद्या दिंडीतून. आज मला आपल्या घरांच्या अशाच एका दिंडीविषयी बोलायचे आहे.

मुलांना व्यसन लागू नये म्हणून आपली घरे पहारा देतात, नाही असे नाही. पण हा पहारा दारू, गुटखा आणि सिगारेट यांच्यासाठी आहे. तोंडाला वास येतो का, तोल जातो का, दात रंगले आहेत का, हे आपण पाहतो. मेथॅम्फेटामाइन, म्हणजे बाजारात ज्याला ‘आइस’ किंवा ‘क्रिस्टल’ म्हणतात ते, आणि त्याचे जवळचे भावंड मेफेड्रोन, म्हणजे महाराष्ट्रात ‘एमडी’ या दोन अक्षरांनी ओळखली जाणारी पूड, यांना असा वास नाही आणि त्यांनी माणूस झिंगून पडत नाही. उलट, सुरुवातीच्या काळात हे व्यसन एखाद्या गुणासारखे दिसते. माझ्या आजच्या बोलण्यातली एवढी एक गोष्ट आपण घरी घेऊन गेलात, तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

गुणासारखे दिसणारे व्यसन

अनेक घरांच्या अनुभवांतून जुळणारे एक चित्र आपल्यापुढे ठेवतो. हे कोणा एका घराचे नाही, म्हणून कोणी ओळखण्याचा प्रयत्न करू नये.

घर सुशिक्षित, देवाधर्माचे. मुलगा बारावीत, डॉक्टर व्हायची इच्छा, सकाळी महाविद्यालय, दुपारी क्लास. पूर्वी रात्री अकराला डुलक्या घेणारा हा मुलगा एकाएकी पहाटे चारपर्यंत जागू लागला. आईने शेजारी कौतुकाने सांगितले, “आता मनावर घेतलंय हो त्यानं.” जेवण कमी झाले, वजन उतरले, वडील म्हणाले, “बरे झाले, आळस गेला.” घुमा होता तो भरभरून बोलू लागला, आजी म्हणाली, “पोर मोकळं झालं.” तीन पिढ्यांनी तीन लक्षणे पाहिली आणि तिघांनीही त्यांचे कौतुक केले.

पुढे दोन-तीन महिन्यांत चित्र पालटले. रात्रंदिवस जागणारा मुलगा मध्येच सबंध दिवस उठेना. चाचण्यांतले गुण घसरले. साध्या प्रश्नावर ताट भिरकावले गेले. क्लासचे शुल्क दोनदा मागितले गेले. देवघरातला चांदीचा करंडा दिसेनासा झाला, तेव्हा संशय घेतला गेला तो घरी काम करणाऱ्या मावशींवर. त्यांना कामावरून काढले. मुलाकडे बोट दाखवण्याचे धैर्य मात्र कोणालाच झाले नाही. कारण “आपल्या घरात असे होणारच नाही” ही खात्री होती.

या खात्रीविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. संस्कारांचे मोल मी जाणतो. चांगले संस्कार मुलाला आधार देतात, परत येण्याची वाट दाखवतात. पण संस्कार म्हणजे रोगप्रतिबंधक लस नव्हे. आपल्या घरी रोज शुभंकरोती होते, म्हणून मुलाच्या मेंदूतील रसायनांचे नियम बदलत नाहीत.

हे द्रव्य करते तरी काय?

मेथॅम्फेटामाइनचा इतिहास पाहिला, तर त्याचा स्वभाव कळतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८९३ साली एफेड्रिनपासून ते तयार केले. १९१९ साली अकिरा ओगाता यांनी ते स्फटिकरूपात मिळवले. १९३८ पासून जर्मनीत ‘परव्हिटिन’ या नावाने त्याच्या गोळ्या विकल्या जात. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी त्या वाटल्या गेल्या. जपाननेही सैनिक आणि कारखान्यांतील कामगार यांच्यासाठी तोच मार्ग धरला. युद्ध संपल्यावर उरलेला साठा बाजारात आला आणि पराभवाने खचलेल्या जपानी तरुणाईत व्यसनाची साथ पसरली. १९५१ साली जपानला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. थोडक्यात, माणसाची झोप आणि भूक हिरावून त्याच्याकडून काम करून घेण्यासाठीच हे द्रव्य वापरले गेले. आज परीक्षेच्या चरकात सापडलेल्या मुलाला एखादा मित्र “हे घे, रात्रभर झोप येणार नाही” असे सांगतो, तेव्हा तो तोच जुना सौदा पुन्हा मांडत असतो. मुलींना कित्येकदा “बारीक होशील” असे सांगितले जाते.

आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचे द्रव्य असते. भूक लागल्यावर जेवण मिळाले, श्रमाचे फळ मिळाले, कोणी शाबासकी दिली, की ते बेताने स्रवते आणि आपल्याला समाधान वाटते. मेथॅम्फेटामाइन हा साठा एकदम उपसून काढते. आठ-दहा तास, कधी त्याहून अधिक काळ माणूस अतिउत्साहात वावरतो. त्यानंतर विहीर कोरडी पडावी तसे होते: उदासी, थकवा, चिडचिड. एमडीचा अंमल त्याहून कमी काळ टिकतो, म्हणून घेणारा एकाच बैठकीत पुन्हा पुन्हा घेत राहतो. किशोरवयात मेंदूचा विवेक राखणारा भाग अद्याप घडत असतो. म्हणून त्या वयात ही पकड लवकर बसते.

धोका किती जवळ आला आहे?

“हे सारे मुंबई-पुण्याचे; आपल्या मराठवाड्यात कुठले?” असे कोणी म्हणेल. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतून कित्येक टन एफेड्रिन जप्त केले. ज्यापासून मेथॅम्फेटामाइन बनते, तेच हे द्रव्य. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. त्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने छत्रपती संभाजीनगर आणि पैठण येथे छापे घालून अमली पदार्थांचा मोठा साठा पकडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे एमडीचे उत्पादन उघडकीस आणले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तटरक्षक दलाने अंदमानच्या समुद्रात एका मासेमारी नौकेवरून पाच हजार किलोंहून अधिक मेथॅम्फेटामाइन हस्तगत केले. आणि २०२५ साली, ज्या तुळजापुरास आपण कुलस्वामिनीच्या दर्शनाला जातो, तेथेच एमडी विक्रीचे प्रकरण पोलिसांनी बाहेर काढले. हे विष जात, पंथ, भाषा, गाव पाहत नाही. अमुक वस्तीतली, अमुक समाजाची मुलेच हे करतात, असे समजून आपण निर्धास्त राहणार असू, तर ती आपली स्वतःचीच फसवणूक आहे.

प्रमाणाचे भानही ठेवले पाहिजे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे ०.१८ टक्के लोक अशा उत्तेजक द्रव्यांचे सेवन करत होते. म्हणजे प्रत्येक मुलाकडे संशयाने पाहावे अशी स्थिती नाही. पण त्याच पाहणीत १० ते १७ वयोगटातील १.१७ टक्के मुले हुंगण्याची द्रव्ये वापरताना आढळली. प्रौढांत हे प्रमाण ०.५८ टक्के होते. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन यांपासून झालेली सुरुवात पुढे कोठे जाईल, ते सांगता येत नाही.

लक्षणे कशी पाहावीत?

आपल्या जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासस्वामींचे जन्मगाव. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खाची, उत्तम पुरुषाची, पढतमूर्खाची लक्षणे क्रमाने सांगितली आहेत. त्यामागची दृष्टी फार व्यवहारी आहे. माणूस स्वतःविषयी काय सांगतो यावर विसंबू नये. तो कसा वागतो ते निरखावे. तीच दृष्टी येथे उपयोगी पडते.

पहिले लक्षण झोपेचे. मूल उशिरा झोपते एवढ्याने काही ठरत नाही. या वयात झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. पाहायचा तो जागणे-झोपणे यांचा क्रम. दोन-दोन रात्री जवळजवळ न झोपता अतिउत्साहात काढणे, त्यानंतर सबंध दिवस निपचित पडणे, उठल्यावर अधाशासारखे खाणे आणि खिन्न होणे, हा क्रम पुन्हा पुन्हा दिसू लागला तर सावध व्हावे.

दुसरी लक्षणे शरीराची. भूक मरते, काही आठवड्यांत वजन उतरते. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडातही मोठ्या दिसतात. घाम फार येतो, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते. जबडा आवळला जातो, दात करकर वाजतात. पूड नाकाने ओढणाऱ्याचे नाक सतत वाहते, कधी घोळणा फुटतो. पुढच्या टप्प्यात कातडीखाली किडे वळवळतात असे वाटून तो अंग खाजवत राहतो, त्याचे व्रण राहतात, दात किडतात.

तिसरी लक्षणे मनाची आणि वागण्याची. जुने मित्र एकाएकी सुटतात आणि नव्यांची नावे घरात घेतली जात नाहीत. खेळ, तबला, वाचन, ज्याची आवड होती ते सारे मागे पडते. क्षणात हर्ष, क्षणात संताप. खोलीचे दार सदा बंद. “माझ्यावर कोणीतरी पाळत ठेवते आहे”, “तुम्ही माझ्याविषयी कुजबुजता” असे बोल ऐकू आले, तर विलंब करू नये. तो संशय वेडसरपणाच्या टोकापर्यंत जाऊ शकतो, न बोललेले आवाजही ऐकू येऊ लागतात.

चौथी लक्षणे वस्तूंची आणि पैशांची. नखाएवढ्या पारदर्शक पुड्या, जळकट डाग पडलेला चंदेरी कागद, कापलेल्या नळ्या, गुंडाळी केलेली नोट, काचेची नळी, सिगारेट न ओढणाऱ्याच्या खिशात लायटर. मोबाईलवरून अनोळखी नावांना वरचेवर जाणाऱ्या लहान लहान रकमा. घरातल्या वस्तू नाहीशा होणे.

यांपैकी एखाद-दुसरे लक्षण म्हणजे व्यसनाचा पुरावा नव्हे, हे मी पुन्हा सांगतो. वजन क्षयरोगानेही उतरते, थायरॉईडच्या विकारानेही उतरते. झोप परीक्षेच्या धास्तीने उडते. दार तर याच वयात बंद होऊ लागते आणि थोडे बंद राहिलेही पाहिजे. नैराश्याने ग्रासलेले मूलही मित्रांपासून तुटते. म्हणून नियम असा: लक्षणे अनेक असावीत, एकत्र यावीत, आणि मूल पूर्वी जसे होते त्यापासून ते झपाट्याने दूर गेलेले दिसावे. तसे झाले, तर कारण कोणतेही निघो, डॉक्टरांकडे जाणे आवश्यकच असते. संशय चुकीचा ठरला, तरी एखादा दुसरा आजार वेळीच सापडतो.

संशय आल्यावर

पहिली गोष्ट, मूल अमलाखाली असताना किंवा आपण संतापलेले असताना बोलू नये. त्याची झोप झालेली असावी, घर शांत असावे, आई-वडील दोघांचे आधी एकमत झालेले असावे. आरोपाने सुरुवात करू नये. जे पाहिले ते सांगावे. “तू या आठवड्यात तीन रात्री झोपला नाहीस. तुझे वजन उतरले आहे. करंडा सापडत नाही. आम्हाला भीती वाटते. काय चालले आहे ते सांग. जे असेल ते आपण मिळून निस्तरू.” एवढे बोलून थांबावे. पहिल्यांदा तो नाकारेल, चिडेल. दार बंद करेल. आपण ते आपटू नये.

दुसरी गोष्ट, मारहाण, कोंडून ठेवणे, घराबाहेर काढणे यांनी व्यसन सुटत नाही. घराबाहेर काढलेल्या मुलाला त्या रात्री आसरा देणारा बहुधा पुडी देणाराच असतो. अंगारे-धुपारे, हमखास गुण देणारी गुप्त औषधे यांत महिने वाया जातात.

तिसरी गोष्ट, लपूनछपून लघवीची तपासणी करून निकाल लावू नये. बाजारातल्या साध्या पट्टीवर एमडी दिसेलच असे नाही. उलट सर्दीच्या काही औषधांनी खोटा होकार येऊ शकतो. द्रव्याच्या खुणा लघवीत काही दिवसच राहतात. तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने, मुलाला सांगून व्हावी.

चौथी गोष्ट, वैद्यकीय मदत. मेथॅम्फेटामाइनची ओढ थांबवणारे एखादे हमखास औषध आज उपलब्ध नाही. उपचाराचा कणा आहे तो समुपदेशन, वागण्याची नवी शिस्त आणि कुटुंबाची साथ. त्यासाठी महिने लागतात आणि मध्ये एखादा घसरण्याचा प्रसंगही येतो. तो पराभव समजू नये. सेवन थांबवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उदासी फार खोल जाते, जीव नकोसा होतो. त्या दिवसांत मुलाला एकटे सोडू नये. छातीत कळ, आकडी, अंग भट्टीसारखे तापणे, अनावर गोंधळ यांपैकी काही दिसले, तर १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांपासून काही लपवू नये.

सल्ल्यासाठी केंद्र शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक, दोन्ही विनामूल्य आहेत. विक्रेत्याची खबर द्यायची असेल तर १९३३. शासकीय रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ हा सर्वांत जवळचा दरवाजा. खासगी केंद्र निवडताना ते मानसिक आरोग्य कायद्यान्वये नोंदणीकृत आहे का, तेथे डॉक्टर प्रत्यक्ष येतात का, पालकांना भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय मुलाला सोपवू नये.

महाराष्ट्राला या क्षेत्रात एक मोठी परंपरा आहे. गर्दच्या साथीत १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, पु. ल. देशपांडे यांनी त्यास आर्थिक बळ दिले. रुग्णाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता माणूस म्हणून पाहणे, ही त्या कामाची शिकवण आहे.

कायद्याचीही माहिती हवी. उपचारासाठी गेलो तर मुलाला तुरुंगात टाकतील, या भीतीने घरे गप्प बसतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४ अ या कलमात, अल्प प्रमाणातील पदार्थ वा सेवन यांबाबत, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण दिलेले आहे. दुसऱ्या बाजूला, मुलाला अमली पदार्थ देणारा किंवा त्याच्याकरवी ते विकवणारा यास बालन्याय कायद्याच्या ७७ आणि ७८ या कलमांखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे: विकणाऱ्याची माहिती पोलिसांना द्या, सापडलेल्या मुलाला चौकात उभे करून मारू नका, त्याचे चित्रण करू नका. तो आपलाच मुलगा आहे असे समजून त्याच्या घरी जा.

अब्रू कशात आहे?

शेवटी, या व्यसनाला सर्वांत मोठे साहाय्य कोणाचे होते, याचा विचार करू. विकणारा एकदा पुडी देतो. पुढचे कित्येक महिने ती गोष्ट झाकून ठेवण्याचे काम आपण करतो, “लोक काय म्हणतील” या धाकाने. मधुमेह झाला तर आपण चार जणांना विचारून चांगला डॉक्टर शोधतो. येथे मात्र सख्ख्या मामालाही कळू देत नाही. रोग लपवण्यात अब्रू नाही. तो ओळखून मुलाला हाताला धरून परत आणण्यात आहे.

ज्या घराचे चित्र मी सुरुवातीला मांडले, तशा घरांतून मुले परत येतात, हेही मी पाहिले आहे. उपचार लांबतात, एखादे वर्ष परीक्षेचे जाते. आणि अशा घरांना आणखी एक कर्तव्य उरते. करंड्यासाठी जिच्यावर आळ घेतला, त्या मावशींच्या दारी जाऊन आई-वडिलांनी मुलासह क्षमा मागितली पाहिजे. त्याशिवाय घर निरोगी झाले असे मी म्हणणार नाही.

आज घरी गेल्यावर एवढे करा. मोबाईल बाजूला ठेवून सर्वांनी एका वेळी जेवायला बसा आणि मुलाकडे नीट पाहा. किती गुण मिळाले हे विचारण्याआधी, “झोप लागते का रे नीट?” एवढे विचारा. आणि येणारे उत्तर शांतपणे ऐकून घ्या.